वाइनने धुतलेला राजपुत्र

“मी खणायला लागलो ना, की जमीन आपणहून बाजूला सरते,” खारिदिमोस म्हणाला आणि राकीचा रिकामा पेला त्याने माझ्या टेबलावर आपटला. “आख्ख्या हयातीत माझ्या कुदळीखाली एक हाड मोडलेलं नाही. एक जागा चुकलेली नाही. उद्या बघाच तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बघायला गेलो, आणि त्याने जागा चुकवली.

मी झाखारिस. लिथारी गावात माझं कॉफीचं दुकान आहे, चर्च आणि स्मशान यांच्या बरोबर मध्ये. त्यामुळे आत जाणारे आणि आत ठेवून परत येणारे, दोघंही माझंच गिऱ्हाईक. आमचं गाव जुन्या महालाच्या डोक्यावर बसलेलं आहे. कुणीही संडासाचा खड्डा घ्यावा, खाली राजाचं तेलाचं कोठार निघतं. मग संडास राहतो बाजूला, सरकारचं तारेचं कुंपण येतं, आणि घरमालक उरलेलं आयुष्य शेजाऱ्याकडे जातो.

खारिदिमोस या महालावरच्या खोदकामाचा मुकादम. मिशा टोकाला पीळ दिलेल्या, पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि तोंडात सतत राजा. “राजा इथे बसायचा, इथे बैलाच्या डोक्याचा राक्षस कोंडायचा, राजा तिथे आंघोळ करायचा.” जणू काही टॉवेल यानेच दिला होता.

त्याची थोरली बहीण रोदांथी. नवरा युद्धात गेला. एकच मुलगा होता, फानुरिस, सव्वीस वर्षांचा. मामाच्या हाताखाली खोदकामावर होता. चार वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत, महालाची पश्चिमेकडची भिंत त्याच्या अंगावर पडली. दगड बाजूला करेपर्यंत छाती पार चेपून गेली होती. सगळे ऑलिव्हच्या सावलीत जेवत असताना हा भिंतीखाली काय करत होता, असं पोलिसांनी विचारलं. तेव्हा खारिदिमोसने डोळे पुसत उत्तर दिलं होतं, “काय सांगू साहेब. सोनं शोधत होता. चोरून. मी कितीदा समजावलं!”

गावाने आधी ते अर्धंच मानलं. मग हळूहळू पूर्ण मानलं, कारण सोन्याची गोष्ट नुसत्या भिंतीच्या गोष्टीपेक्षा चवदार लागते. वर्षभरात सोन्याचं वजनसुद्धा लोकांना माहीत झालं. रोदांथी विहिरीवर आली की बायका गप्प व्हायच्या, आणि ती वळली की पुन्हा सुरू.

आमच्याकडे माणूस कायमचा पुरत नाहीत. चार-पाच वर्षांनी कबर उकरतात, हाडं बाहेर काढतात, वाइनने धुतात, स्वच्छ कापडात गुंडाळतात आणि रविवारी चर्चमध्ये सगळ्या गावासमोर उघडून मग अस्थिघरात ठेवतात. हाडं पांढरी निघाली तर माणूस मोकळा झाला, मातीने त्याला माफ केलं. काळी निघाली तर समजायचं, जिवंतपणी काहीतरी पाप करून गेलाय. पुन्हा पुरा, पुन्हा प्रार्थना. या निकालावर अपील नाही.

तेव्हा रोदांथीचं सगळं त्या एका गोष्टीवर अडकलेलं होतं. पोरगा पांढरा निघाला तर चोर नव्हता. चार वर्षं ती दर शनिवारी कबरीवर दिवा लावून मातीला सांगत होती, “नीट बघ बाई त्याच्याकडे, नीट बघ.”

खरं तर हे काम बायकांचं. दोघी-तिघी फावडी घेतात, रडत रडत खणतात आणि तासाभरात उरकतात. पण खारिदिमोस पुढे आला. “माझ्या भाच्याला बायका उकरणार? मी असताना?”

तर त्या सकाळी तो दोऱ्या, खुंट्या, ब्रश, चाळणी सगळं घेऊन स्मशानात हजर झाला. बायका काळे कपडे घालून बसल्या होत्या. मृताच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गोड गव्हांचं ताट होतं, वर डाळिंबाचे दाणे. वाइनचा घडा माझ्याकडचा. पाद्री सोफ्रोनिस टोपी सावरत उभे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, त्यामुळे ते भलत्याच कबरीसमोर उभे होते, पण तिच्याकडे तोंड करून प्रार्थना मनापासून चालली होती.

खारिदिमोसने क्रॉसकडे पाहिलं, मग मातीची चिमूट घेऊन वास घेतला, आणि चार पावलं डावीकडे जाऊन खुंटी ठोकली.

“अरे, क्रॉस इथे आहे,” रोदांथी म्हणाली.

“ताई, क्रॉस लाकडाचा. पावसात सरकतो. माती सरकत नाही. इथे बघ, मऊ लागतेय. खणून भरलेली माती अशी असते.”

“मी त्याला इथे ठेवलाय. मी उभी होते.”

“तू रडत होतीस. रडणाऱ्या माणसाला दिशा कळत नाही.”

मग त्याने दोरीने चौकोन आखला आणि थर थर काढायला सुरुवात केली. थोडं फावडं, मग ब्रश. फावडं, ब्रश. ऊन वर आलं. गव्हांवर माश्या बसल्या. एक म्हातारी शेवटी ओरडली, “काय रे, कबर उकरतोयस की तिची दाढी करतोयस?”

“शास्त्र आहे हे, आजी.”

“तुझं शास्त्र होईपर्यंत मलाच आत टाकावं लागेल. मग एकदमच काढ दोघांना.”

दुपारी, माणूस पुरतात त्याच्या दुप्पट खोलीवर, त्याचा ब्रश थांबला. आणि तो काहीच बोलला नाही. खारिदिमोस बोलत नाही म्हटल्यावर सगळेच पुढे सरकले.

हाडं निघाली. कोळशासारखी काळी.

बायकांनी हात तोंडावर नेले. कुणीतरी छातीवर क्रॉसची खूण केली, मग सगळ्यांनी केली. आणि तेवढ्याने भागलं नाही. त्या काळ्या बोटांच्या हाडांमध्ये एक छोटा कोरीव दगड सापडला. त्यावर एक बैल, आणि बैलाच्या पाठीवरून उडी मारणारा माणूस. महालातलाच माल. लहान पोरानेही ओळखला असता.

“हातातच आहे,” मागून कुणीतरी कुजबुजलं. “मेल्यावरसुद्धा सोडलं नाही बघा.”

खारिदिमोसने मान खाली घातली, आणि खाली घातलेल्या मानेने हळूच एक सुस्कारा सोडला. मी जवळ होतो. तो दुःखाचा नव्हता.

रोदांथी पुढे आली. तिने पदर खोचावा तसा एप्रन खोचला, परात पुढे ओढली, वाइन ओतली आणि एकेक हाड धुवायला घेतलं. वाइन काळी झाली. ती धूत राहिली. डावा हात तिच्या हातात आला तेव्हा ती थांबली. कोपरापासून मनगटापर्यंत तिने बोट फिरवलं. परत फिरवलं.

“हा माझा नाही.”

“ताई...”

“फानुरिस सात वर्षांचा असताना झाडावरून पडला होता. हा हात वाकडा जुळला होता. तू सुद्धा त्याला वाकड्या म्हणायचास. हा सरळ आहे.”

“माती माणसाला बदलते, ताई.”

“मातीने हात सरळ केला होय? मग डॉक्टरकडे कशाला जायचं? पुरून घ्यायचं.”

कुणी हसलं नाही. कुठल्या आईला पटतं, असं बायका एकमेकींना म्हणत होत्या. रोदांथीने मात्र धुणं थांबवलं नाही. कुणीतरी म्हणालं, “तुझा नाही म्हणतेस, मग धुतेस कशाला?”

“अर्धवट कसा सोडू?” ती म्हणाली. “याचीही आई असेल कुठेतरी वाट बघत बसलेली.” शेवटच्या बोटापर्यंत तिने त्याला धुतलं, पुसलं, आणि घरून आणलेल्या दोन चादरींतल्या एकीत बांधलं.

आता कोरीव दगड सापडला की सरकारला कळवायचं, हा मुकादमाचा नियम. दुपार टळायच्या आत प्राध्यापक कालिगास जीप घेऊन आले. अथेन्सचा माणूस, उन्हात पापुद्रे निघालेलं नाक, आणि दगड बघितल्यावर डोळ्यांत पाणी. खड्ड्यात उतरले, खालची जळकी जमीन नखाने खरवडली, खापरं बघितली, चादर सोडून काळी हाडं बघितली.

“हा साडेतीन हजार वर्षांपूर्वी मेलाय,” ते म्हणाले. “महाल जळाला तेव्हा.”

गावाला हे अजिबात आवडलं नाही. सगळं नीट जमत आलं होतं. चोर, पुरावा, शिक्षा. आणि आता हा शहरी माणूस येऊन सांगतो, की आपण सकाळपासून अनोळखी इसमासाठी हळहळत होतो. सगळे उठले आणि या विषयावर बोलायला माझ्या दुकानात आले. मला उसंत मिळेना. प्राध्यापक दगड खिशात घालून हेराक्लिओ शहराकडे, आपल्या संग्रहालयात, परतले. हाडांची पेटी सकाळी जीप पाठवून नेतो, म्हणाले.

स्मशानात तिघंच उरले. रोदांथी, खारिदिमोस आणि पाद्रीबाबा. पाद्रीबाबांना सगळे गेलेत हे कळलंच नव्हतं. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा रोदांथीने फावडं उचललं आणि क्रॉसच्या खाली स्वतः खणायला लागली. भावाने दुसरं फावडं घेतलं. या वेळी दोरी नाही, ब्रश नाही.

फानुरिस तिथेच होता. छातीच्या फासळ्या चेपलेल्या. डावा हात वाकडा. आणि मेणासारखा पांढरा.

रोदांथीने कवटी दोन्ही हातांत घेतली, कपाळाचं चुंबन घेतलं, आणि एवढं हसली, एवढं हसली, की पाद्रीबाबांनी विचारलं, “कुणाचं लग्न आहे का?” उरलेल्या वाइनने तिने त्याला धुतलं. दुसऱ्या चादरीत बांधलं. आता फक्त रविवार यायचा होता.

पेट्या खारिदिमोसने ठोकल्या. मनुकांच्या दोन रिकाम्या पेट्या, सारख्याच. खोदकामावरची सवय अशी, की हाड आत गेलं की लगेच खिळे. उघडं ठेवलं तर कुत्री नेतात. त्याने दोन्ही पेट्या खिळे ठोकून बंद केल्या आणि स्मशानाच्या दारात ठेवल्या. सकाळी जीप आली तेव्हा तो महालावर होता. तिथूनच त्याने ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, “वाइनचा वास येतो ती आमच्या पोराची! ती ठेव! दुसरी घेऊन जा!”

ड्रायव्हर प्रामाणिक माणूस. त्याने वाकून दोन्ही पेट्यांचा वास घेतला. दोन्हींना वाइनचा वास. पुन्हा घेतला. मग दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या मला म्हणाला, “काका, तुमच्या गावात बिनवाइनचं काही मिळतं का?” आणि त्याला ज्या पेटीचा वास जरा कमी वाटला ती त्याने जीपमध्ये टाकली. आईने दुपारी घडाभर वाइन असताना अनोळखी पोराला भरपूर अंघोळ घातली होती आणि संध्याकाळी स्वतःच्या पोराला उरलेल्यात भागवलं होतं, हे त्याला कसं कळावं?

रविवारी चर्च भरलं. जे वर्षभर फिरकत नाहीत तेही आले. रोदांथी काळ्या कपड्यांत, पण ताठ. पेटी मधोमध ठेवली. खारिदिमोसने खिळे काढले. तिने स्वतः चादर उघडली.

काळी हाडं.

रोदांथी वाकली, हाडांखाली हात घालून खाली अजून काही आहे का बघितलं. मग उभी राहिली.

“पेटी बदलली,” ती म्हणाली. “माझा पोरगा हेराक्लिओला गेला. हा तो नाही.”

“मावशी,” आमचा सरपंच मवाळ आवाजात म्हणाला, “प्राध्यापकांनी त्यांची न्यायची ती नेली. एवढा शिकलेला माणूस चुकीची हाडं नेईल होय?”

“पाद्रीबाबा, तुम्ही होता ना. सांगा. पांढरी होती.”

पाद्री सोफ्रोनिसनी डोळे किलकिले केले. “पोरी, मला तर तुम्ही सगळेच राखाडी दिसता.”

मग ती भावाकडे वळली. सगळं चर्च वळलं. “खारिदिमोस. तू खाली होतास. तू त्याचे पाय उचललेस. सांग यांना.”

त्याने मिशीला हात लावला. पीळ दिला. सोडला. तो पांढरी होती म्हणाला असता, तर पोरगा निर्दोष ठरला असता. पोरगा निर्दोष ठरला, तर मग सोन्याची गोष्ट कुणी केली, हा प्रश्न आला असता.

“संध्याकाळ होती, ताई,” तो म्हणाला. “नीट दिसलं नाही.”

काळी हाडं त्याच दिवशी पुन्हा पुरली, फानुरिसच्या नावाने, फानुरिसच्या क्रॉसखाली. रोदांथी तिथे थांबली नाही. घरी जाऊन तिने केक भाजायला घेतला. हरवलेलं सापडावं म्हणून आमच्या बायका संत फानुरिसच्या नावाने केक करून वाटतात. किल्ली, शेळी, नवरा, काहीही हरवलं की हाच उपाय. पोराचं नाव त्या संताचंच ठेवलं होतं. तिने भट्टीसमोर बसून संताला सांगितलं, “तुझ्याच नावाचा आहे. आता लाज तुझी तू राख.”

मी दर आठवड्याला हेराक्लिओला वाइन पोचवायला जायचो. तिला आणि तिच्या केकला गाडीवर घेतलं. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत प्राध्यापक कालिगास शर्टाच्या बाह्या वर करून बसले होते, आणि समोर टेबलावर, नीट मांडलेला, फानुरिस.

“या, या!” ते म्हणाले. “लिथारीचीच माणसं! बघा काय चमत्कार झालाय. काळी हाडं पेटीत घातली होती, आणि उघडली तर ही!” मग चष्म्यावरून रोदांथीकडे पाहत, “बाई, तुम्हीच धुतली होती ना? कशाने?”

“वाइनने. पण साहेब...”

“वाइनने!” त्यांनी टेबलावर थाप मारली. फानुरिसची एक फासळी हलली. “हजारो वर्षांची काजळी उतरली! मी परवाच या हाडांवर लेख पाठवला, त्यात आता हेही घालतो.” मग मला, “तुमची वाइन? दोन पिंपं पाठवा. संग्रहालयातली सगळी हाडं धुवायची आहेत.”

खोटं कशाला बोलू, मी दोन पिंपं पाठवली. पहारेकरी, सुतार आणि हिशेबनीस यांनी ती आठवडाभरात संपवली आणि एकही हाड भिजलं नाही.

“साहेब, हा माझा मुलगा आहे,” रोदांथी म्हणाली.

प्राध्यापक हसले नाहीत. वाईट माणूस नव्हता तो. तिला खुर्ची दिली. “आई, हा सगळ्यांचाच मुलगा आहे. राजपुत्र होता. बैलाला वाहिलेला. ही छाती बघा, बैलाने कशी चेपलीय. त्या काळी पोरं बैलावरून उड्या मारायची. चुकली की संपली.”

“छाती भिंतीने चेपली. हात बघा. डावा. झाडावरून पडला होता.”

“अगदी बरोबर!” ते म्हणाले. “लहानपणापासून उड्यांचा सराव. असे हात मोडतातच.”

तिने जे जे म्हणावं, त्याचं त्यांच्याकडे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं उत्तर तयार. शेवटी तिने केक पुढे केला. त्यांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा घेतला, दालचिनीचं कौतुक केलं. “काचेच्या पेटीत ठेवणार आहोत याला,” ते तिला दारापर्यंत पोचवत म्हणाले. “तुमच्या गावाचं नाव होईल.”

परत येताना डोंगर चढेपर्यंत ती उरलेला केक मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, “झाखारिस, पोरगा गावाकडे येत नाही. मग गाव पोराकडे न्यायचं.”

तिने बस ठरवली. फुकट बस म्हटल्यावर कुणी कारण विचारलं नाही. अर्ध्या गावाला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, अर्ध्याला समुद्र बघायचा होता. आधी अर्धा तास संग्रहालय, मग मोकळे, एवढीच तिची अट.

आदल्या दिवशी ती भावाच्या घरी गेली. चर्चनंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती. दारातच उभी राहिली. त्याच्या बायकोने कॉफी आणली ती घेतली नाही.

“उद्या तू ये,” म्हणाली. “काही बोलू नकोस. नुसता बघ त्याच्याकडे.”

“ताई, मला काम...”

“त्याच्याकडे बघ. तेवढंच.”

तो आला. बसच्या शेवटच्या सीटवर, टोपी डोळ्यांवर ओढून. रस्ताभर शेजारच्या म्हातारीने त्याला दोनदा विचारलं, “बरं नाही का रे? राजाबद्दल काही बोलत नाहीस?”

संग्रहालयात काचेची पेटी मोठ्या दालनाच्या मध्ये, एका उंच लाकडी घडवंचीवर ठेवली होती. आत फानुरिस झोपलेला. प्राध्यापकांनी पायाशी बैलाची एक भलीमोठी कवटी ठेवली होती, महालातच सापडलेली, मारणारा आणि मरणारा एकत्र दिसावेत म्हणून. ते स्वतः त्या आठवड्यात अथेन्सला भाषण द्यायला गेले होते.

गाव पेटीभोवती गोळा झालं. आधी बैलाकडे बघितलं, कारण शिंगं मोठी होती. मग हळूहळू नजरा वर सरकल्या. चेपलेली छाती. डावा हात.

“वाकड्या,” बसचा ड्रायव्हर एकदम म्हणाला. तो फानुरिसच्या वर्गात होता. “देवा रे. हा तर वाकड्या आहे.”

“आणि पांढरा आहे,” ती दाढीवाली म्हातारी म्हणाली. म्हणजे दाढी करतोयस का म्हणून विचारणारी. “लोण्यासारखा पांढरा आहे गं, रोदांथी.”

बायकांनी छातीवर क्रॉसची खूण करायला सुरुवात केली. कुणीतरी पाद्रीबाबांना वळवून पेटीच्या दिशेने उभं केलं आणि त्यांनी प्रार्थना सुरू केली. पहारेकरी धावत आला, “इथे गाणं म्हणायचं नाही!” त्याला आमच्या सरपंचाने कोपऱ्यात नेऊन सिगारेट दिली. रोदांथी कुणाकडेच बघत नव्हती. ती भावाकडे बघत होती.

खारिदिमोस पेटीजवळ आला. टोपी काढली.

“मीच काढला याला,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की मागचे म्हणाले, मोठ्याने बोल. तो मोठ्याने बोलला. “मीच काढला. पांढरा होता. मला दिसलं होतं. आणि सोनंबिनं काही नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मीच पाठवला होता, भिंतीच्या पायातली माती काढ म्हणून. तो म्हणाला, मामा, दगड हलतोय. मी म्हणालो, साडेतीन हजार वर्षं उभी आहे, आज तुझ्यासाठी पडणार होय?”

चार वर्षं विहिरीवर बोललेल्या बायका फरशीकडे बघत होत्या.

“मी हसलो होतो,” खारिदिमोस म्हणाला. “तो पण हसला. आणि गेला.”

मग तो धिप्पाड माणूस, बुटांसकट, सरळ पुढे कोसळला, आणि आधारासाठी त्याने जे धरलं ती घडवंची होती.

काचेचा आवाज मोठा झाला. पेटी आडवी पडली. बैलाची कवटी फरशीवर गडगडत भिंतीपर्यंत गेली आणि तिला काही झालं नाही. फानुरिसची कवटी रोदांथीच्या पायाशी पडली आणि फुटली.

ती खाली बसली. काचेतून एकेक तुकडा वेचून तिने एप्रनमध्ये घेतला. बोटं कापत होती, थांबली नाही. दातसुद्धा शोधून घेतले. पहारेकरी तोंड उघडून बघत होता. तिने एप्रनची चारी टोकं बांधली, उठली, त्याच्यासमोरून चालत बाहेर गेली, आणि त्याने दार उघडून धरलं. पुढच्या रविवारी ते तुकडे चर्चमध्ये सगळ्यांसमोर ठेवले गेले, पांढरे, आणि मग अस्थिघरात गेले. बाकीचा फानुरिस हेराक्लिओलाच राहिला. खारिदिमोसने मुकादमाचं काम सोडलं. रोदांथीने त्याला माफ केलं की नाही, हे तिने कुणाला सांगितलं नाही. त्याच्या घरासमोरून ती जाते, तेव्हा तो उठून उभा राहतो.

पेटी पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी संग्रहालयात अथेन्सहून मोठे पाहुणे यायचे होते. सुताराने रात्रीतून घडवंची जोडली, नवी काच बसवली, आणि पहारेकऱ्याने त्याला आठवत होती तशी हाडं मांडली. मानेच्या वर जागा रिकामी दिसत होती. तिथे त्याने बैलाची कवटी ठेवली.